लेकुरवाळी

बोरिवलीच्या मासळीबाजारात रविवारी सकाळी गेले म्हणजे आपली विद्या किती तोकडी आहे हे माणसाला चटकन पटते. वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकविणारा मी. पण समोरचा बोंबील कालचा की आजचा हे मला अजून ओळखता येत नाही. म्हणून मी एकाच कोळणीकडून मासळी घेतो. ती सांगेल ते प्रमाण. मी तिला मावशी म्हणतो, ती मला मास्तर म्हणते, आणि आमचा सारा व्यवहार या दोन शब्दांच्या भरवशावर चालतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी तिने पाटीतून एक खेकडी उचलून माझ्यापुढे धरली. पाठीवर तीन तांबूस ठिपके असलेली, समुद्रातली. मावशीने ती उलटी केली तेव्हा पोटावरच्या रुंद पडद्याखालून काळपट करड्या रंगाचा एक लगदा बाहेर आलेला दिसला.

"अंड्यांची हाय, मास्तर. पन भाइरची अंडी काली परली. ती काढून टाका. कमी लावते तुमाला."

कमी लावते म्हटल्यावर मी जास्त विचार केला नाही. घरी येऊन नळाखाली धरून तो लगदा बोटाने खरवडून काढला. मोरीत थोडा वेळ करडे पाणी वाहत राहिले. कालवण मात्र झकास झाले.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना मी ही हकीगत मोठ्या चवीने सांगितली. आमच्या प्राणिशास्त्राच्या बाई ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "अंड्यांचा रंग कोणता होता, सर?"

"काळपट."

"नारिंगी नव्हता?"

"छे. म्हणून तर स्वस्त मिळाली."

"म्हणजे त्यांना डोळे आले होते," बाई म्हणाल्या. "खेकडीची अंडी आधी पिवळी-नारिंगी असतात. तो रंग आतल्या बलकाचा. जीव वाढतो तसा बलक सरतो आणि बाळाचे डोळे काळे होत जातात. लाखो अंड्यांचे लाखो काळे डोळे, म्हणून सगळा घोस काळा दिसतो. दोनतीन दिवसांत फुटली असती."

मी चहाचा पेला खाली ठेवला.

माझे आजोळ मावळातले. मृगाचा पाऊस पडून ओढे वाहू लागले की आम्ही पोरे कंदील घेऊन खेकडे धरायला जात असू. एकदा माझ्या हाती एक दांडगी खेकडी लागली. मोठ्या फुशारकीने मी ती घरी आणली. आजीने ती उलटी करून पोटावरचा पडदा अंगठ्याने किंचित उचलला. आत इवले इवले खेकडे गच्च बसलेले होते. नख्या, पाय, पाठ, सारे आईसारखे. फक्त आकाराने डाळीएवढे. आजी म्हणाली, "लेकुरवाळी आहे रे ही. जिथून आणलीस तिथे सोडून ये." पाऊस कोसळत होता, तरी तिने मला परत पाठविले. त्या रात्री मी ओढ्यापर्यंत रडत गेलो आणि रडत आलो; पण तेव्हापासून लेकुरवाळी या शब्दाचा अर्थ मला कोशात पाहावा लागला नाही.

असा तो मी, पन्नाशीकडे झुकताना एका लेकुरवाळीला मोरीत धुऊन बसलो होतो. आणि मला ते समजलेसुद्धा नव्हते. का समजले नाही? कारण या खेपेला पडद्याखाली खेकडे नव्हते, नुसता लगदा होता. मूल आईसारखे दिसले की आपल्याला चटकन माया येते. दिसले नाही की ते मूलच नव्हे, अशी आपली समजूत असते.

ही समजूत केवळ माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरचीच होती असे मात्र नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीही ती होती, आणि तिच्यापायी एक चांगले भांडण झाले, असे बाईंनी सांगितले.

समुद्राचे पाणी बारीक जाळीतून गाळले की त्यात एक चमत्कारिक प्राणी सापडतो. जेमतेम मिलिमीटरभर लांब, पाठीवर उभा काटा, कपाळावरून पुढे आलेला दुसरा काटा, डोक्याच्या मानाने भलेमोठे डोळे आणि मागे सडपातळ शेपूट. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विद्वानांनी त्याला झोइया असे नाव देऊन एक स्वतंत्र प्राणी म्हणून त्याची नोंद करून टाकली होती. पुढे आयर्लंडमधील कॉर्क बंदरात जॉन व्हॉन टॉमसन हा सैन्यातला डॉक्टर या झोइयाच्या मागे लागला. हौशी माणूस! नोकरी सांभाळून तो बंदरातले पाणी गाळीत असे. त्याने झोइया जिवंत ठेवून त्यांची कात पडताना पाहिली, खेकडीच्या अंड्यांतून काय निघते तेही पाहिले, आणि १८२८ साली छापून सांगितले की झोइया हा निराळा प्राणी नव्हेच. ते खेकड्याचे बाळ आहे.

लोकांनी ते मानले नाही. १८३५ साली वेस्टवुड नावाच्या नामांकित कीटकशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे टॉमसनचे म्हणणे खोडून काढणारा निबंध मांडला. त्याच्याजवळ पुरावाही होता. वेस्ट इंडीज बेटांतल्या जमिनीवर राहणाऱ्या एका खेकड्याची अंडी आणि पिल्ले त्याने तपासली होती, आणि त्या पिल्लांत झोइयाचा मागमूस नव्हता. ती अगदी आईसारखी होती. रथके या जर्मन शास्त्रज्ञालाही नदीतल्या झिंग्याच्या जातीत, क्रेफिशमध्ये, तेच आढळले होते. आईसारखीच पिल्ले! मग टॉमसन काय सांगतो आहे?

मौज अशी की दोन्ही पक्षांनी डोळ्यांनी पाहिलेले खरेच होते. टॉमसनने समुद्रातली खेकडी पाहिली होती. वेस्टवुडने, म्हणायचे तर, माझ्या आजीची पाहिली होती. एकाच कुळात बाळंतपणाच्या दोन तऱ्हा असू शकतात हे तोवर कुणाला सुचले नव्हते. पुढे इतरांनीही समुद्रातल्या खेकड्यांची अंडी फुटताना पाहिली आणि टॉमसनचे म्हणणे मान्य झाले.

या दोन तऱ्हा पाहावयास आम्हां बोरिवलीकरांना आयर्लंडला किंवा वेस्ट इंडीजला जावयास नको. स्टेशनाच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यान आहे. तेथल्या ओढ्यांत पावसाळ्यात गोड्या पाण्यातले खेकडे दिसतात. पश्चिमेला गोराईची खाडी आहे. तेथे तिवरांच्या मुळांशी चिखलात चिंबोऱ्या आहेत. मधून रेल्वेचे रूळ गेले आहेत. पण या दोन आयांच्या संसारात रुळांहून फार मोठे अंतर आहे.

ओढ्यातली आई अंडी थोडी घालते, दोनचारशेच्या आतबाहेर. पण एकेक अंडे मोहरीहून मोठे असते. त्यात बलकाची शिदोरी भरपूर. झोइयाची सारी अवस्था ते बाळ अंड्यातच उरकून घेते आणि खेकडा होऊनच बाहेर पडते. त्यानंतरही काही दिवस आईच्या पोटाला बिलगून राहते. चिंबोरीची तऱ्हा उलटी. तिच्या पोटाखाली दहावीस लाखांपासून पुढे अंडी असतात, आणि एकेक अंडे खसखशीहून बारीक. एवढ्याशा अंड्यात शिदोरी ती किती मावणार? दहाबारा दिवसांत ती संपते, आणि अर्धवट घडलेले बाळ पाण्यात सुटते. पुढचे पोट त्याचे त्याने भरावयाचे.

मी बाईंना विचारले, "ओढ्यातली आई लाख अंडी का घालीत नाही?"

"मिठामुळे," त्या म्हणाल्या, आणि मला हाताला धरून नेल्यासारखे त्यांनी ते समजावून सांगितले.

समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. समुद्रातल्या झोइयाच्या अंगातला रस जवळपास तितकाच खारट. आत आणि बाहेर सारखेच, म्हणून त्याला काही सांभाळावे लागत नाही. तोच झोइया ओढ्यात टाकला तर बाहेरचे गोडे पाणी त्याच्या पातळ कातड्यातून आत घुसू लागेल आणि अंगातले मीठ बाहेर झिरपेल. फुगून तो मरेल. मोठ्या खेकड्याचे कवच जाड असते. शिवाय त्याच्या कल्ल्यांत अशा पेशी असतात की त्या पाण्यातून क्षार वेचून रक्तात ओढून घेतात. हे कसब झोइयाला नसते. म्हणून ओढ्यातल्या आईने आपल्या बाळाचा समुद्र अंड्याच्या आतच भरून ठेवला आहे. बाळ मोठे होऊन मिठाचा जमाखर्च सांभाळू लागले की मगच ती त्याला दार उघडून देते.

चिंबोरीला तेवढे मोठे अंडे घालता येत नाही, म्हणून ती दुसरा मार्ग धरते. ती स्वतः खाडीत मजेत राहते. पावसाळ्यात खाडीचे पाणी जवळजवळ गोडे झाले तरी तिचे कल्ले तिला तारून नेतात. पण अंड्यांचे दिवस आले की तिला ठाऊक असते, निदान तिच्या शरीराला ठाऊक असते, की आपल्याला सोसते ते बाळाला सोसणार नाही. पाण्याचा खारटपणा समुद्राच्या निम्म्यावर आला तरी तिचा झोइया तगत नाही. म्हणून ती खाडी सोडते आणि खोल समुद्राकडे चालू लागते. आपल्याकडे बाळंतपणाला लेक माहेरी जाते. चिंबोरी आपल्या पूर्वजांच्या माहेरी, समुद्रात जाते. खाडीत पोटाखाली घोस असलेली चिंबोरी क्वचितच सापडते, याचे कारण हे.

पुढचा प्रवास बाळांचा. झोइया पाच वेळा रूप पालटतो आणि दर खेपेला कात टाकतो. दोनअडीच आठवड्यांनी त्याची मेगॅलोपा होते. या अवस्थेचे ध्यान पाहण्यासारखे असते: पुढे खेकड्याच्या नांग्या आणि मागे अजून झिंग्याची शेपटी. आठवडाभराने ती शेपटी पोटाखाली दुमडते, आणि पहिला खरा खेकडा जन्मतो, तांदळाच्या दाण्याहून लहान. पण मेगॅलोपा व्हायच्या सुमारासच बाळाला किनाऱ्याची ओढ लागलेली असते. भरतीबरोबर आत येत येत ते तिवरांच्या मुळांत शिरते. तेथे लपायला जागा, खायला चिखलातले बारीक जीव. एका महिन्यात एवढा जन्म!

कात टाकण्याचा हा उद्योग मोठेपणीही सुटत नाही. कवच वाढत नाही, अंग वाढते. तेव्हा जुना अंगरखा फाडून बाहेर येणे भाग असते. ते केव्हा करावयाचे याची किल्ली खेकड्याच्या डोळ्याच्या देठात आहे, हे ऐकून मला नवल वाटले. त्या देठातल्या ग्रंथीतून एक रस रक्तात जातो आणि तो कात टाकण्याला अटकाव करतो. रस कमी झाला की डोक्यातली दुसरी ग्रंथी मोकळी होते, आणि कात पडते. मराठवाडा विद्यापीठात प्रा. नागभूषणम् आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या देठातल्या रसांवर वर्षानुवर्षे काम केले. कोळंबीच्या अंडी उबवणाऱ्या केंद्रांत मादीचा एक डोळा देठासकट काढतात, तोही याच कारणाने: देठातला दुसरा एक रस अंडी धरण्याला आडकाठी करतो.

कात टाकल्यावर खेकडा पाणी पिऊन फुगतो आणि नवे कवच टणक होईपर्यंत मऊ राहतो. त्या दिवसांत त्याच्यात मांस थोडे आणि पाणीच फार. बाजारात ज्याला आपण पोकळ म्हणतो तो हा. अमावास्येचा खेकडा भरलेला आणि पौर्णिमेचा पोकळ, असे आपल्याकडे म्हणतात. चंद्राचे काय असेल ते असो. पोकळपणाचे कारण मात्र नुकतीच टाकलेली कात हे आहे. आणि चिंबोरीचे लग्न लागते तेही त्याच मऊ दिवसांत. नर तिला आधीपासून कित्येक दिवस मिठीत धरून राखण करतो, कारण कात टाकलेल्या मादीला कुणीही खाऊन टाकील.

हे सारे ऐकून माझ्या मनात एक पळवाट आली. मी म्हणालो, "बाई, वीस लाखांतली बहुतेक बाळे मासे खाणारच असतात. मग माझ्या मोरीने असे काय बिघडले?"

बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. एका जोडप्यामागे पुढल्या पिढीत एक जोडपे उरले तर जात कायम राहते. म्हणजे ओढ्यातल्या दोनशेंपैकी दोन जगावयास हवेत, आणि चिंबोरीच्या वीस लाखांपैकीही दोनच. दोघींचा हिशेब शेवटी दोनावर येतो. "आता सांगा," त्या म्हणाल्या, "तुम्ही मोरीत लाखो अंडी घालवली, त्याचा हिशेब सोडून देऊ. पण तुम्ही खाल्लीत ती खेकडी कोण होती? ती त्या दोघांपैकी एक होती. मासे चुकवून, जाळी चुकवून, दहाबारा वेळा मऊ होऊन पुन्हा टणक होऊन एवढी मोठी झालेली. अजून एकदोनदा तरी तिने असा घोस धरला असता."

यावर मला उत्तर सुचले नाही.

पुढच्या आठवड्यात बाई विद्यार्थ्यांना घेऊन गोराईच्या धक्क्यावर बारीक जाळे ओढावयास गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावले. काचेवर थेंबभर पाणी. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर त्यात एक झोइया थरथरत होता. डोळे काळेभोर, टपोरे. पाठीमागून काच दिसावी इतका पारदर्शक देह, आणि त्यात काहीतरी टकटक उडत होते. "हृदय," बाई म्हणाल्या. मी भ्रमणध्वनीने त्याचे एक छायाचित्र घेतले.

मराठीत या अवस्थेला डिंभ असा शब्द आहे. संस्कृतातून आलेला, बाळ असा अर्थ असलेला. शब्द चांगला आहे, पण पाठ्यपुस्तकाबाहेर तो मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. कोळीवाड्यातल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी विचारले. चिंबोरी, कुरली, लहान, मोठी, पोकळ, भरलेली, यांना त्यांच्याकडे शब्द आहेत, झोइयाला नाही. जे डोळ्यांना दिसत नाही त्याला कोण नाव ठेवणार? आणि ज्याला नाव नाही त्याचे घर मोडले तर तक्रार कोण करणार?

कारण घर मोडणे चालूच आहे. तिवरांत रात्री राडारोडा येऊन पडतो. चिखलावर भरणी होते. तेथे पूर्वी काय होते हे दोन वर्षांत कुणाला आठवत नाही. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवने तोडण्यास मनाई केली आणि २०१८ साली तो निर्णय पक्का केला. मधल्या काळात, २०१२ साली, राज्य सरकारने कांदळवन कक्ष स्थापन केला. मुलुंड-घाटकोपरच्या बाजूला ठाण्याच्या खाडीत २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले आणि २०२२ साली ती खाडी रामसर यादीत गेली. हे सारे चांगलेच झाले. पण रोहित दिसतो, गुलाबी असतो, त्याला पाहावयास लोक होडीने जातात. त्याच चिखलात तांदळाएवढा खेकडा बसलेला असतो, त्याला पाहावयास कोण जाणार?

आणि घर एकट्या चिंबोरीचे नाही. दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावाजवळून निघते, दौलतनगर, दहिसर अशी वस्त्यांतून वाहत मनोरीच्या खाडीला मिळते. उगमाजवळ पोटाशी पिल्ले धरणारी आई, मुखाशी पिल्ले समुद्राला देणारी आई. मधल्या सातआठ मैलांत आपण आहोत, आणि आपल्या मोऱ्या.

यंदा दिवाळीच्या आधी मी पुन्हा बाजारात गेलो. मावशीच्या पाटीत तीन ठिपक्यांची एक खेकडी होतीच. या खेपेला घोस नारिंगी होता. मी भ्रमणध्वनीवरचे छायाचित्र काढून तिच्यापुढे धरले.

"हे काय, मास्तर? मच्छर?"

"या अंड्यातलं पोर आहे, मावशी. काळं पडतं ना, ते त्याचे डोळे."

तिने हात पदराला पुसला, भ्रमणध्वनी हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "चालीस वर्सं इकते मी. डोले हायत ह्ये आज समजलं."

मी म्हणालो, "मग नको विकूस अशी."

"ती जाल्यातूनच मेलेली येते, मास्तर. मी नाय इकली तं ती जिती होनार हाय का? धनी समिंदरात हाय तवा सांगा त्याला, जाल्यातून सोड म्हनून. आन् त्या दिवशी आमी खायाचं काय, तेबी सांगा."

हे तिचे म्हणणे खरे होते, आणि त्यालाही माझ्याजवळ उत्तर नव्हते. मागे गिऱ्हाईक उभे होते. मी अरुंद पडद्याचा एक नर निवडला आणि ती सांगेल ते पैसे दिले. घासाघीस केली नाही. पिशवी उचलून वळलो तोच मागून तिची हाक आली.

"मास्तर, सांजच्याला माझा ल्योक येनार हाय होरीवरून. तेवा फोटू घेऊन या. त्याला दाखवा."

मी संध्याकाळी गेलो होतो.